बाबा आजारी आहेत

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. मीही या पेजवर चार वर्षं गोष्टी वाचतेय आणि "सत्य घटना" दिसलं की आधी हसतेच. पण यातली भिंत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तीनदा धुतलेली, दोनदा रंगवलेली. तरी पलंगाच्या उंचीला तांबूस पट्टा दिसतोच.

ठिकाण चंदीगड. एअर फोर्सचं क्वार्टर. यंदाच्या जानेवारीतला शनिवार.

आणि रात्रबित्र काही नाही... दुपारचे बारा चाळीस.

घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या, सुमेधाच्या घरी. तिनं मला सांगितलं तसंच सांगते. फक्त एक गोष्ट. तिच्या सासऱ्यांबद्दल एक शब्द मी यात कुठेही वापरणार नाही. का, ते शेवटी कळेल. कमेंटमध्ये तुम्हीही वापरू नका, हात जोडून सांगते.

सुमेधाचा नवरा अंशुमन विंग कमांडर आहे. दर तीन वर्षांनी बदली. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण स्वतःचं म्हणावं असं घर तिला मिळालेलं नाही. क्वार्टरमध्ये शिरताना यादीवर सही, सोडताना यादीवर सही. पंखे चार, पलंग पाच, पडद्यांचे दांडे सहा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. जिथे जाईल तिथे मिळेल ती नोकरी धरायची, एवढंच तिच्या हातात.

चंदीगडला तिला सेक्टर ३४ मध्ये काम मिळालं. खाली कोचिंग क्लास, वर तिसऱ्या मजल्यावर एक लहानशी कंपनी. काम ऐकून मला गंमत वाटली होती. इंडोनेशियातल्या डोंगरांमधल्या गावांची घरं आणि शेतं कॉम्प्युटरवर आखायची. तिथली माणसं ड्रोननं फोटो काढणार, घरोघरी फिरून फॉर्म भरणार. आणि इथे चंदीगडमध्ये बसून सुमेधा जुळवणार, कुठलं घर कुणाच्या नावावर.

"म्हंजी तू तिथली तलाठी झालीस," तिचे सासरे म्हणायचे.

त्यांना तसं म्हणायचा अधिकार होता. विश्रामराव स्वतः पस्तीस वर्षं वाई तालुक्यात तलाठी होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण काटक. गळ्याला मफलर, पायाशी हीटर, आणि दिवसभर एकच तक्रार, की या गावात बोलायला माणूस नाही. सगळे त्यांना बाबा म्हणायचे. मीही.

सुमेधा आठवड्यातले चार दिवस घरून काम करायची. बाबांच्याच खोलीत, हीटरपाशी. त्या खोलीत दोन पलंग होते. एक बाबांचा. दुसरा पाहुण्यांचा, तिथे ती लॅपटॉप घेऊन बसायची. बाबा चष्मा लावून स्क्रीनमध्ये डोकवायचे. शेताच्या हद्दी पाहून म्हणायचे, "ह्यो बांध वाकडा हाय बघ. शेजाऱ्यानं रेटलाय."

वीस वर्षांनी म्हाताऱ्याला काम मिळालं होतं. दोघांची चांगली गट्टी होती.

त्या महिन्यात तिच्याकडे जे गाव आलं त्याचं नाव बुंतू तादो. सुलावेसी बेटावर, डोंगरात, शेवटचा रस्ता संपल्यावर चार तास चालत. नावेसारख्या छपरांची लाकडी घरं, समोर भाताची कोठारं, आणि प्रत्येक घराच्या पुढच्या खांबावर रेड्यांची शिंगं. एकावर एक, खालपासून वरपर्यंत ठोकलेली.

तिथला सर्वे करणारा माणूस मार्तेन. त्याच गावचा. दोघांचं बोलणं चॅटवर, तोडक्यामोडक्या इंग्रजीत.

घर नंबर एक्केचाळीसशी काम अडलं.

मालकाचं नाव नेने साम्पे. (नेने म्हणजे तिथे आजोबा. आपले पुण्याचे नेने नव्हेत. बाबा त्यावर दोन दिवस हसत होते.) वय चौऱ्याऐंशी. स्थितीच्या रकान्यात मार्तेननं लिहिलं होतं, आजारी. सोबत फोटो. पलंगावर म्हातारा, हनुवटीपर्यंत पांघरूण, डोळ्यांवर चष्मा. उशाशी भाताची ताटली आणि कॉफीचा ग्लास.

पण त्याच फाइलमध्ये डॉक्टरचा दाखलाही होता. नेने साम्पे मृत. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

सुमेधानं फोटो मोठा करून पाहिला. कातडी काळी, सुरकुतलेली. डोळे मिटलेले...

फोटो गेल्याच महिन्यातला होता.

तिनं मार्तेनला विचारलं. त्याचं उत्तर तिनं मला जसंच्या तसं दाखवलंय.

"डॉक्टर म्हणतो मेला. घर म्हणतं आजारी आहे. आमच्याकडे रेडा कापल्याशिवाय कुणी मरत नाही. रेडा पडला की माणूस त्याच्या पाठीवर बसून जातो. तोवर तो घरात राहतो. तोवर घर त्याचं, भात त्याचा, शेत त्याचं. मग जो मुलगा जास्त रेडे कापेल त्याला जास्त जमीन. थोरल्यानं आठ रेडे पाळलेत, धाकट्याकडे एकही नाही. मॅडम, आजारीच राहू द्या."

आपल्याकडे यम रेड्यावर बसून येतो. तिथे गेलेला माणूसच रेड्यावर बसून निघतो. एवढाच काय तो फरक, असं सुमेधाला तेव्हा वाटलं.

पण कॉम्प्युटर ऐकेना. मृत्यूचा दाखला असताना "आजारी" चालत नव्हतं. ओळ लाल व्हायची. आणि गावाचं काम मंगळवारी संपवायचं होतं.

मंगळवारी दुपारी तिनं बाबांना विचारलं.

बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. "दोन वर्षं झाली न्हवं? मग नाव कमी कर आणि वारस नोंद घाल. मयताचं नाव सातबाऱ्यावर ऱ्हायलं की तीन पिढ्या कोर्टात जात्यात. म्या बघितलंय."

"पण बाबा, त्यांची रीत वेगळी आहे."

"रीत घरात. कागदावर कायदा. दोन पोरं हायत ना? निम्मं-निम्मं लाव. कुणावर अन्याव नको."

तिनं स्थिती बदलली. मृत. वारस दोन, हिस्सा समान. तर आणखी एक रकाना उघडला. मृत्यू कोणी सांगितला, एका ज्येष्ठ माणसाचं नाव हवं. मार्तेन नाव देणार नव्हताच.

सुमेधानं हसत हसत बाबांचं नाव टाकलं.

बाबा इतके खूश झाले. "इतक्या वर्षांनी फेरफारावर माझं नाव आलं," म्हणाले, आणि चहा मागितला.

ओळ हिरवी झाली. वरचे साहेब नरेंद्र जी यांनी संध्याकाळी गाव लॉक केलं, म्हणजे नोंदी पक्क्या करून तिकडे पाठवल्या.

बुधवारी सकाळी बाबांच्या खोलीत लवंगेचा वास येत होता. धुरासारखा, कुणीतरी लवंग घातलेली विडी ओढल्यासारखा. (इंडोनेशियात तशाच ओढतात, हे मला नंतर कळलं.) बाबा विडी कधीच ओढत नव्हते.

दुपारी बाबा झोपले. सुमेधा बाहेर भाजी निवडत होती. बाबांचं घोरणं तिच्या ओळखीचं, लांब सूर आणि शेवटी एक आचका.

मग त्यात दुसरं घोरणं मिसळलं...

ती उठून दारात गेली. आवाज थांबला. बाबा त्यांच्या पलंगावर. पाहुण्यांचा पलंग रिकामा. पण त्यावरची चादर चुरगळलेली, मधे खळगा पडलेली. आणि बाबांचा चष्मा त्या पलंगाच्या उशीवर.

चष्मा तिनं उचलून ठेवला. तासाभरानं तो पुन्हा तिकडेच होता.

"बाबा, चष्मा तुम्ही तिकडे ठेवलात?"

"त्याला दिसत न्हाई गं," बाबा झोपेतच म्हणाले.

गुरुवारी दुपारी मार्तेनचा फोन आला. तो कधी फोन करत नसे.

वारसांची यादी बुधवारी गावात लागली होती. धाकटा दहा माणसं घेऊन आला, निम्मं घर मागायला. तिथली घरं खिळ्यांशिवाय बांधतात, फळ्या निघतात. त्यानं फळ्या काढायला सुरुवात केली. थोरला जिन्यावर कोयता घेऊन उभा होता. आठ वर्षं त्यानं रेडे वाढवले होते, बापाला नीट धाडायचं म्हणून. आणि आता कागद म्हणत होता, निम्मं-निम्मं.

पहिला घाव धाकट्याच्या मनगटावर बसला. हात जिन्यावरून खाली आला, माणूस वरच राहिला. दुसरा घाव मानेवर. मग धाकट्याच्या माणसांनी थोरल्याला कोठाराच्या खांबाला दाबून धरलं, आणि त्याच्याच कोयत्यानं... मार्तेननं मोजलं होतं. अकरा घाव.

त्या धक्काबुक्कीत आतला पलंग उलटला. नेने साम्पे पांघरुणासकट जिन्यावरून गडगडत खाली, दोन्ही मुलांच्या रक्तात येऊन पडला.

त्याला कुणी उचललं नाही. कागदावर तो मेला होता. आणि रेडा न कापता मेलेल्याला घरात घ्यायची रीत नाही.

"सकाळी बघितलं तर तो तिथे नव्हता," मार्तेन म्हणाला. "फक्त चष्मा पडला होता."

सुमेधानं फोन ठेवला. दोन माणसं. तिच्या एका क्लिकनं दोन माणसं. ती बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

बाहेर आली तेव्हा बाबा पाय पोटाशी घेऊन बसले होते.

"सुमेधा, हे बघ गं काय झालंय."

डाव्या घोट्याभोवती दोराचा वळ. जाड, लालभडक, सोलवटलेला. जनावर खुंटाला बांधलं की असतो तसा.

अंशुमननं संध्याकाळी वळ पाहिला. मोजा घट्ट असेल, म्हणाला. अंशुमन विमानं उडवतो, त्याचा विश्वास मीटरच्या काट्यावर. शुक्रवारपर्यंत होता.

शुक्रवारी तो घरीच होता, धुक्यामुळे उड्डाणं बंद. साडेअकराच्या सुमारास सुमेधा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. आतून पलंग सरकल्याचा आवाज आला.

मग धप्प.

मग घासत नेल्याचा आवाज...

ती धावली. बाबा जमिनीवर पालथे. डावा पाय हवेत ताणलेला, आणि ते दाराकडे ओढले जात होते. ओढणारं कुणी नव्हतं. बाबा फरशीला नखं लावत होते, नखं तुटत होती. उंबऱ्यावर त्यांचं डोकं आपटलं. पुन्हा आपटलं.

सुमेधानं त्यांच्या काखेत हात घालून मागे ओढलं. घोट्याची कातडी मोज्यासारखी खाली उतरली. बाबा ओरडले नाहीत, फक्त "अगं आई, अगं आई," म्हणत राहिले.

तेवढ्यात तिच्या बरगडीवर काहीतरी बसलं. खालून वर, शिंगानं उचलावं तसं. ती भिंतीवर जाऊन पडली. हाड मोडल्याचं तिला स्वतःला ऐकू आलं.

अंशुमन आला तेव्हा बाप दारात अर्धा बाहेर, अर्धा आत. अंशुमननं बापाला मिठी मारली आणि त्याला ती ओढ लागली. दाराची चौकट त्यानं पायानं अडवून धरली. किती वेळ, दोघांनाही सांगता येत नाही.

मग अचानक सुटलं.

खोलीत लवंगेचा धूर पसरला होता. आणि पाहुण्यांच्या पलंगावर, उशीवर, बाबांचा चष्मा नीट घडी घालून ठेवलेला.

"तो वाईट माणूस न्हाई," बाबा धापा टाकत म्हणाले. "त्याला जायचंय. त्याच्याकडं रेडा न्हाई."

शनिवारी सकाळी सुमेधानंच मार्तेनला फोन लावला. सगळं सांगितलं. तो घाबरला नाही, हेच तिला जास्त भयंकर वाटलं.

"म्हाताऱ्या बायका म्हणतात, ज्यानं त्याला मेला म्हटलं त्यानं रेडा द्यायचा," तो म्हणाला. "तुम्ही कुणाचं नाव लिहिलं?"

तिनं मान वळवून पलंगावरच्या बाबांकडे पाहिलं.

"आज दोन्ही भावांचं क्रियाकर्म आहे. दुपारी तीनला त्यांचे रेडे पडतील. थोरल्याचेच आठ. पोरांचा रेडा पडला की बापही आपला मागेल. मॅडम, त्याच्या आत त्याला पुन्हा आजारी करा."

तिथले तीन म्हणजे आपले साडेबारा. घड्याळात दहा वाजून गेले होते.

गाव लॉक होतं. कुलूप फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, नरेंद्र जींच्या पासवर्डनं उघडत होतं. शनिवारी ऑफिस बंद, आणि नरेंद्र जी फोन उचलेनात. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनीमाजऱ्याला राहायचे.

अंशुमन बाबांच्या पायांवर बसून राहिला. सुमेधा मोडलेल्या बरगड्यांवर ओढणी आवळून गाडीत बसली. धुकं इतकं दाट की बॉनेट दिसेना. अंशुमनला लावलेला फोन तिनं स्पीकरवर चालूच ठेवला होता. त्यातून फक्त हीटरची घरघर येत होती.

मनीमाजऱ्याच्या गल्लीत गाडी शिरेना. ती उतरून चालत गेली. नरेंद्र जी अंगणात शेकोटीपाशी बसले होते.

"मॅडम जी, सोमवार को कर देंगे यार, पक्का. एक एंट्री ही तो है."

"नरेंद्र जी, मेरे ससुर जी की जान का सवाल है."

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात रक्त होतं. पुढे काही न विचारता त्यांनी किल्ल्या घेतल्या.

सेक्टर ३४ ला पोचेपर्यंत बारा पंचवीस. जिने. शटर. कॉम्प्युटर चालू व्हायला लागतो तेवढा वेळ लागलाच. अंशुमनचा आवाज फोनवर आला, हळू.

"सुमेधा... घरात कुणीतरी चालतंय."

मग तिलाही ऐकू आलं. फरशीवर खुरांचे आवाज. जड, सावकाश. टक्... टक्... आणि ओल्या नाकाचा फूत्कार.

"दिसतंय का?"

"काही नाही. काही दिसत नाही. पण दार भरून गेलंय."

नरेंद्र जी पासवर्ड चुकले. पुन्हा टाकला. फोनमध्ये बाबांचा आवाज आला. दोन दिवसांत पहिल्यांदाच स्वच्छ, तलाठ्याचा.

"सुमेधा, झालं का गं काम?"

"होतंय बाबा. दोन मिनिटं."

"फेरफार रद्द कर, पोरी. चूक माझी हाय. म्या जागेवर गेलो न्हाई. पस्तीस वर्षांत जागेवर गेल्याबिगर एक नोंद घातली न्हाई... आणि ही घातली. निम्मं-निम्मं म्हनलो. आठ वर्षं त्या पोरानं रेडं पाळलं, म्या इचारलं न्हाई."

सुमेधा रडत होती. बारा सदतीस. गाव उघडलं. घर एक्केचाळीस. दाखला काढून टाकायचा, मग स्थिती बदलायची. दाखला निघाला. तुमची खात्री आहे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं.

फोनवर अंशुमन किंचाळला. मी अंशुमनला सतरा वर्षं ओळखते, त्यानं आवाज चढवलेला मला आठवत नाही. त्यापाठोपाठ हाड मोडल्याचा आवाज आला.

आजारी.

तिनं बटण दाबलं.

आणि फोनमध्ये सपकन पातं फिरल्यासारखा आवाज आला. मग प्रचंड जड काहीतरी जमिनीवर कोसळलं. मग घशातून पाणी वाहावं तसा घळघळ आवाज, खूप वेळ...

मग हीटरची घरघर.

कॉम्प्युटरवर नोंदीची वेळ बारा चाळीस. फोनवरच्या आवाजाची वेळ बारा चाळीस. आधी काय झालं, बटण की घाव? सेकंद कुठेच लिहिलेले नाहीत.

ती घरी पोचली तेव्हा खोलीच्या तीन भिंती लाल होत्या. छताच्या पंख्यावरून थेंब पडत होते. अंशुमन कोपऱ्यात बसलेला, डोळ्यांच्या जागा सोडल्या तर सगळा लाल, उजव्या हाताचं हाड कातडीबाहेर. एका माणसात एवढं रक्त नसतं. दोघांत नसतं.

बाबा पलंगावर उताणे, डोळे मिटलेले. अंगावर एक थेंब नाही. मफलर बाजूला झाला होता. मानेवर या कानापासून त्या कानापर्यंत एक रेघ. दोरा ओढल्यासारखी बारीक, कोरडी.

पाहुण्यांचा पलंग रिकामा होता. चादरीवर सुरकुती नव्हती.

अंशुमन सरकत पुढे आला. डाव्या हातानं त्यानं बापाचं मनगट धरलं. पुष्कळ वेळ धरून ठेवलं. मग सुमेधाकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. कारण त्याच क्षणी तिच्या फोनवर मार्तेनचा मेसेज आला होता.

"नेने घरी परत आला आहे, पलंगावर आहे. निघाला नाही, वाट बघतोय. त्याचा रेडा पडला की नाही ते त्याला माहीत नाही. तुम्ही बोललात की कळेल, आणि तो त्याच्या पाठीवर बसून निघेल. मॅडम, तो शब्द बोलू नका."

मार्चमध्ये मी चंदीगडला गेले. सुमेधानं दार उघडलं. ती दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती. अंशुमनचा हात अजून पट्ट्यात होता. जिन्यावरून पडलो, असं त्यानं हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं.

"बाबा कसे आहेत?" मी सहज विचारलं.

"आजारी आहेत," दोघं एकदम म्हणाले.

दुपारी तिनं ताट वाढलं. भात, वरण, कडेला लिंबू. ग्लासात कॉफी. बाबांनी आयुष्यभर चहाच घेतला होता. मी तिच्या मागोमाग खोलीत गेले. हीटर बंद, खिडक्या उघड्या. गळ्याशी मफलर, हनुवटीपर्यंत पांघरूण, डोळ्यांवर चष्मा.

मी नमस्कार करायला पायांना हात लावला. पाय दगडासारखे गार आणि ताठ.

दोन महिने झाले होते. खोलीत जो वास यायला हवा होता तो नव्हता... फक्त लवंग.

बाहेर येऊन मी तिला धरलं. "सुमेधा, डॉक्टरला बोलव. हे असं..."

"डॉक्टर आला तर तो शब्द लिहील," ती शांतपणे म्हणाली. "एकदा लिहिला होता ना मी. त्या घरातले दोघं गेले. आता बाबांना कुणाचा रेडा होऊ देणार नाही मी. माझं घर नाही कुठे, पण एवढा माणूस माझा आहे."

मला तिला वेडी म्हणायचं होतं. खरंच म्हणणार होते. तेवढ्यात आतून ग्लास जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. अंशुमननं मान खाली घातली. सुमेधा उठली, आत गेली आणि ग्लास घेऊन आली.

रिकामा.

कुणी प्यायलं, मी विचारलं नाही.

एप्रिलअखेर अंशुमनची बदली आहे, आसामला. क्वार्टर सोडताना माणसं येतात, यादी घेऊन खोली-खोली बघतात. पंखे चार, पलंग पाच. त्या खोलीचं दार त्यांना उघडावं लागेल. ते काढलं की सुमेधा विषय बदलते. मला रात्रंदिवस तीच काळजी लागली आहे.

निघताना ती म्हणाली, "बाबांना येते म्हणून सांग."

मी दारात उभी राहिले. "येते, बाबा."

बाबांचा पलंग हलला नाही. करकरला तो दुसरा, रिकामा.

स्टेशनवर आईचा फोन आला. विश्रामराव आणि आई एकाच गावचे, लहानपणीची ओळख. "कसे आहेत गं विश्रामराव? किती दिवसांत बोलले नाहीत."

माझ्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. अगदी टोकावर. गाडी लागली होती, गर्दी होती, आणि त्या गर्दीत माझ्या अगदी पाठीशी कुणीतरी ओल्या नाकानं श्वास सोडला...

"आजारी आहेत, आई," मी म्हणाले.

तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हीही तेवढंच सांगा.